गाडी सरकते, खळं सरकत नाही

वाचकाचं पत्र:

"मी गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. दिवाळीला कर्ज काढून गाडी घेतली. गडद निळी. आमच्या घरातली पहिलीच गाडी. शेड नाही, म्हणून घरापुढच्या खळ्यात आंब्याखाली उभी करतो. वाडीत सपाट आणि मोठं खळं आमचंच, त्यामुळे आठ-दहा पोरं कायम तिथेच. क्रिकेट, लगोरी, सायकली, सगळं. सहा महिन्यांत गाडीची रया गेली. डाव्या दारावर कमरेच्या उंचीला हातभर लांब चरा आहे. डिकीवर माझ्या ७ वर्षांच्या पुतण्याने खड्याने घर आणि माड काढलाय. बॉनेटवर आणि टपावर उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात, पोरं वर चढत असणार. मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी फडक्याने गाडी लख्ख पुसतो, तरी ही गत. गेल्या आठवड्यात माझा तोल गेला आणि मी सगळ्यांना फार ओरडलो. तेव्हापासून खळ्यात कोणी फिरकत नाही. माझी मुलगी ओटीवर एकटीच बसलेली असते, आई माझ्याशी मोजकं बोलते. मे महिन्यात मुंबईहून सगळ्यांची मुलं येतील. चिपळूणला एकाने सिरॅमिक कोटिंग करून घ्या, ३० हजार लागतील, असं सांगितलंय. करू का? की बेडं (बांबूचं फाटक) लावून खळं बंदच करू?"

उत्तर:

बेडं लावू नका. ते ३० हजारही आत्ता खर्च करू नका. तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी पोरांच्या एकाच खात्यावर मांडली आहेत, आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

टपावरच्या जाळ्यापासून सुरुवात करतो. ते पोरांनी केलेलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात टपाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. पोर वर चढलं असतं तर पत्र्याला पोचा आला असता, चपलांचे आणि पँटच्या बटणांचे वेडेवाकडे ओरखडे उठले असते. टपभर आणि बॉनेटभर अशा एकसारख्या, केसासारख्या रेषा पडतात त्या धुळीवरून कोरडं फडकं फिरवल्याने. रेषा असतात सगळ्या दिशांना, पण उन्हाच्या ठिपक्याभोवतीच्या तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. रोज सकाळी गाडी पुसणारे तुम्ही. वाचून वाईट वाटेल, पण हे लिहायलाच हवं, कारण त्या रेषांचा रागही त्या दिवशी मुलांवरच निघाला.

मी रत्नागिरीत २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं काम केलं. पोरांनी चरे पाडलेल्या गाड्या माझ्याकडे पुष्कळ आल्या, पण मालकाने जीव लावून पुसून पुसून चकाकी घालवलेल्या त्याहून जास्त आल्या. नव्या गाडीवरचा रंग किती पातळ असतो याची कल्पना बहुतेकांना नसते. पत्र्यावर गंज रोखणारा पहिला हात, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका-दीड कागदाएवढं. त्यातला क्लिअर ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. गाडी चकाकते ती या क्लिअरमुळे, आणि जाळं पडतं तेही त्याच्यावरच. गडद रंगावर ते जास्त उठून दिसतं.

आता आपल्याकडची धूळ बघा. किनाऱ्यावरच्या वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. काठिण्याच्या १ ते १० या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर, खिडकीची काचसुद्धा त्याच्या खाली. सुरूच्या बनातून येणारा वारा रात्रभर ही वाळू आणि खारं बाष्प गाडीवर टाकत असतो. त्यात खळ्यातली जांभ्याची तांबडी धूळ. सकाळी उठून त्यावर फडकं फिरवलं की ते फडकं राहत नाही, पॉलिशपेपर होतो. धुळीवर बोटाने नाव लिहिणारी पोरं नकळत हेच करतात. गाडी धुतल्यावरही ते नाव उन्हात वाचता येतं, ते याचमुळे. त्याला उपाय पोरांना दटावणं हा नाही. गाडीवर लिहिण्याइतकी धूळ साचू द्यायची नाही.

तेव्हा उद्यापासून कोरडं पुसणं बंद. कामावर जाताना समोरची काच आणि आरसे तेवढे पाणी मारून पुसा, बाकी गाडी तशीच न्या. आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत, आधी नुसतं पाणी वरून खाली सोडा. अर्धी वाळू तिथेच निघून जाते. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं मायक्रोफायबरचं. दर वेळी ते आधी साध्या पाण्यात पिळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं, म्हणजे निघालेली वाळू परत रंगावर जात नाही. टपापासून खाली या. चाकांना आणि दारांखालच्या पट्टीला वेगळं फडकं, ते कधीही वर लावायचं नाही. भांड्यांचा साबण वापरू नका, त्याने पॉलिश उतरतं.

पाण्याबद्दल एक खास सांगायचंय. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तुमचीही होत असेल तर त्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवणं म्हणजे वर मिठाचा हात देणं. शेवटचं पाणी गोडं हवं, मग बादलीभरच का असेना. पाण्याची टंचाई असेल तर हाताने दाब द्यायचा ५ लिटरचा छोटा फवारा मिळतो, त्यात काम भागतं. आंब्यावर औषध मारलेला पंप मात्र त्यासाठी घेऊ नका, विशेषतः मुलं आसपास असताना.

आता दारावरचा चरा. तो पोरांचाच, त्यात शंका नाही. कमरेच्या उंचीची आडवी रेघ म्हणजे सायकलचं हँडल. पोरांच्या सायकलींचा स्टँड पहिल्या वर्षातच मोडतो, मग सायकल जिथे टेकेल तिथे टेकवली जाते. आणि मुठीचं रबर फाटून टोकाशी नळी उघडी पडलेली असते. ती गाडीवरून घसरली की तुमच्या दारासारखी रेघ. उद्या संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या सायकली बघा. ज्या ज्या मुठी फाटल्या आहेत त्या बदला, फार खर्च नाही त्याला. हे गाडीसाठी करा, पण त्याहून मुलांसाठी करा. उघड्या नळीवर पोर पडलं तर ती पोटात रुतते आणि आत गंभीर इजा होऊ शकते, बाहेरून नुसता वण दिसत असला तरी. मग गडग्याच्या (चिऱ्यांच्या कुंपणाच्या) कडेने दोन मेढी (खांब) रोवून आडवा बांबू बांधा, सायकली टेकवायला. मुलांना हक्काची जागा दिली की ती वापरतात, असा माझा अनुभव आहे.

तो चरा किती खोल आहे ते तुमचं तुम्हीच तपासू शकता. जागा धुऊन त्यावर पाणी घाला. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली तर ती फक्त क्लिअरमध्ये आहे. चांगला कारागीर कंपाउंड मारून ती घालवेल. पण कंपाउंड म्हणजे क्लिअरचाच थोडा थर घासून काढणं, त्यामुळे दर दोन महिन्यांनी रबिंग करत बसू नका. नख आडवं फिरवल्यावर अडकत असेल तर टच-अप लागणार. आत करडं किंवा पांढुरकं दिसतंय म्हणजे प्रायमरपर्यंत गेलंय. आणि चकचकीत पत्रा किंवा तांबूस कड दिसत असेल तर हे पत्र खाली ठेवून आधी ते काम करा. पुण्याच्या हवेत असा चरा काही आठवडे तग धरतो, आपल्याकडे दोन-चार दिवसांत तांबूस होतो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पत्र्यावर ओल धरून ठेवतं. एकदा गंज रंगाखाली शिरला की बाहेरून टिकलीएवढा दिसणारा फोड आत रुपयाएवढा पसरलेला असतो, मग खरवडून, लांबी (पुट्टी) भरून पूर्ण पॅनेल रंगवण्यावाचून इलाज नाही. गॅरेजला जायला वेळ लागणार असेल तर जागा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, बायकोकडचं बिनरंगी नेलपॉलिश एक हात लावा. गॅरेजवाला ते काढून टाकेल, तोवर हवा तरी लागणार नाही. बंपरवरच्या चऱ्यांची एवढी घाई नको, बंपर प्लॅस्टिकचा असतो, गंजत नाही.

रंग मिळवताना गाडीचा कलर कोड द्या. तो बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. आणि हे सगळं मिरगाआधी उरकून घ्या. जून-सप्टेंबरच्या दमट हवेत उघड्या गॅरेजात मारलेला क्लिअर पांढुरका पडतो, नीट धरत नाही. भट्टीची सोय असलेलं गॅरेज असेल तर गोष्ट वेगळी.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक हमखास विचारतात म्हणून थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चऱ्याचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असला तरी १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दर दाव्यामागे १००० रुपये तुम्हाला भरावे लागतात, रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापला जातो (झिरो डेप्रिसिएशन घेतलं असेल तर नाही), आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० पर्यंत जातो. एका दाराच्या चऱ्यासाठी दावा करणं परवडत नाही. दोन-तीन पॅनेलांचं काम निघालं तर हिशेब मांडून बघा.

सिरॅमिक कोटिंगचं. ते वाईट नाही, पण तुमच्या दुखण्यावरचं औषध नाही. त्याचा थर फार तर एक-दोन मायक्रॉन. पाणी आणि धूळ चटकन निघते, पक्ष्यांच्या विष्ठेपासून थोडा बचाव होतो, धुणं सोपं होतं. सायकलची नळी, खडा किंवा विटी यांच्यापुढे ते काहीच करू शकत नाही. ज्याला खरोखर चरे अडवायचे आहेत त्याला पारदर्शक फिल्म लागते, पीपीएफ म्हणतात ती. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड असते, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरच्या बारीक रेषा उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. पण पूर्ण गाडीला ती लावायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर तो भार मी तुम्हाला घ्यायला सांगणार नाही. दारांच्या कडा, हँडलखालची वाटी (तिथे सगळ्यांची नखं लागतात) आणि डिकी उघडल्यावर सामान घासतं ती बंपरची वरची पट्टी, एवढ्यापुरती लावून घ्या. मुलं दार उघडताना कड गडग्याच्या चिऱ्यावर आपटते, तिथेही ती उपयोगी पडते.

उरलेलं सगळं जागेच्या नियोजनाने होतं, आणि मी सगळ्यांत जास्त भर तिथेच देईन. गाडीला चार चाकं आहेत. खळं कुठे जाऊ शकत नाही. वाडीत सपाट आणि मोठं खळं तुमचंच, हे तुम्हीच लिहिलंय, आणि कोकणातल्या उतारावर वसलेल्या बहुतेक वाड्यांत सपाट जागा अशीच कमी असते. खळं भातझोडणीला असतं, मांडवाला असतं, लग्नाला, सत्यनारायणाला असतं, आणि वर्षातले बाकीचे दिवस ते पोरांचंच असतं. तुम्हीही तिथेच खेळून मोठे झाला असणार.

पहिलं काम म्हणजे गाडी आंब्याखालून काढा. मे महिन्यात आंब्याखाली गाडी आणि आसपास दहा पोरं म्हणजे कैऱ्यांना मारलेला प्रत्येक दगड कुठेतरी खाली येणारच. शिवाय वरून चीक गळतो, रात्री वाघळं येतात, त्यांची विष्ठा सकाळपर्यंत क्लिअरमध्ये उतरते. सावली हवी म्हणून माडाखालीही नको, नारळ किंवा वाळलेली झावळ पडली तर रंगाचं सोडाच, काच आणि टपही जाईल. खळ्याच्या एका अंगाला, शक्यतो येण्याच्या वाटेजवळ, गडग्याला समांतर अशी गाडी लावा. म्हणजे एक बाजू गडग्याने झाकली जाईल. तिथे चार मेढींवर झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) मांडव घाला. खळ्यात मांडव घालायची आपली जुनीच पद्धत आहे, त्यात गाडीपुरता एक हात वाढवायचा. झाप घट्ट बांधा, वाऱ्याने लोंबून टपावर घासायला नकोत.

दुसरं काम जाळं. मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं वेलदूरकडे कोणी ओळखीचं असेल तर सहज मिळेल. ते धुऊन वाळवून, गाडी आणि खळं यांच्यामध्ये, गाडीपासून दोन-तीन फूट अंतर ठेवून, पुरुषभर उंच बांधा. ताणून बांधू नका, सैल सोडा. ताठ जाळ्यावरून चेंडू उसळतो, सैल जाळ्यात तो मरतो. खालची कड जमिनीला टेकवा आणि तिच्यावर चिरे ठेवा, पोरांचे पाय अडकायला नकोत. टेनिसच्या चेंडूने सहसा पोचा येत नाही, पण ओल्या वाळूत लोळलेला चेंडू रंगावर घासला की तोही ओरखडा काढतो. जाळ्याने हा प्रश्न सुटतो, आणि चेंडू आणायला गाडीखाली शिरणंही थांबतं.

तिसरं, खेळाची दिशा. स्टंप असे लावा की बॅट्समनचा जोराचा फटका गाडीपासून लांब जाईल. गाडी यष्टिरक्षकाच्या मागेही नको. लगोरीच्या खापऱ्या खळ्याच्या, गाडीपासून दूरच्या टोकाला रचा. विटीदांडूला मात्र मी खळ्यात परवानगी देणार नाही. विटीला दोन्हीकडे टोक असतं, ती कुठे जाईल ते मारणाऱ्यालाही कळत नाही, आणि रंगापेक्षा तिथे डोळ्याची भीती जास्त. कापणी झालेला मळा त्यासाठी मोकळा असतो. सीझनचा चेंडू आणि बेचकी, दोन्हींना साफ नाही म्हणा.

आणि गाडीभोवती फक्कीने रेघ मारा, शाळेच्या मैदानावर कबड्डीला मारतात तशी. मुलं रेघ पाळतात, त्यांच्या सगळ्या खेळांचा पायाच रेघ आहे. रेघेच्या आत फक्त चालायचं, पळायचं नाही, चेंडू गेला तर एकानेच जायचं. नियम तुम्ही सांगू नका, त्यांनाच ठरवू द्या. ती तुमच्यापेक्षा कडक नियम करतील.

कव्हरबद्दल मी थोडा साशंक आहे. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा आला की तेच फडकं रात्रभर घासत राहतं. धुतलेल्या गाडीवर, आतून मऊ अस्तर असलेलं, पोटाखालून पट्ट्याने आवळलेलं कव्हर चार दिवस गावाला जाताना ठीक. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर नकोच, आत खारी ओल कोंडते. खेळ चालू असताना बॉनेटवर गोधडी टाकायची सवय असेल तर तीही सोडा, तिच्यातल्या वाळूनेच नुकसान होतं.

मेमध्ये चेंडू-दगडांपेक्षा हातांची काळजी जास्त. फणसाचे, रातांब्याचे, काजूच्या बोंडाचे हात दाराला लागतात. फणसाचा चीक पेट्रोल किंवा थिनरने काढू नका, क्लिअर मऊ पडतो. फणस चिरताना आपण हाताला खोबरेल लावतो ना, तेच तेल चिकावर पाच मिनिटं ठेवा, अलगद टिपा, मग शाम्पूच्या पाण्याने धुवा. काजूबिया भाजायचा कार्यक्रम मात्र गाडीपासून अगदी लांब ठेवा. टरफलातलं तेल तापलं की उडतं, कातडी भाजतं, रंगावर पडलं तर डाग धरतो. एक बादली पाणी आणि साबण खळ्याच्या तोंडाशी ठेवून द्या, खेळ संपला की सगळ्यांनी हात धुवायचे. आईला हे आवडेल.

रंगापलीकडचं एक सांगतो, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. खळ्यात गाडी आणि मुलं एकत्र असतील तर गाडी कायम लॉक हवी आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच खुंटीवर हवी. लपंडावात मूल गाडीत शिरून दार लागलं आणि आतून उघडता आलं नाही, अशा घटना आपल्या देशात घडल्या आहेत. बाहेर ३५ अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात तापमान पन्नाशीला जातं. लहान मुलाचं शरीर मोठ्यापेक्षा फार लवकर तापतं. खळं उताराचं असेल तर हँडब्रेक, गिअर आणि चाकाला चिरा, तिन्ही. आणि गाडी काढताना आधी भोवती एक फेरी मारा, खाली वाका, मुलांना ओटीवर बोलवा, मोजा, मग किल्ली फिरवा. मागच्या काचेतून आणि आरशांतून गाडीच्या मागे बसलेलं तीन फुटांचं मूल दिसत नाही. रिव्हर्स कॅमेरा असला तरी फेरी चुकवू नका.

आता पुतण्या. ७ वर्षांच्या मुलाला खड्याने गडद निळ्यावर पांढरी रेघ उमटते याचा केवढा आनंद झाला असेल. त्याच्या हिशेबी ती पाटीच. तो तुमची गाडी खराब करत नव्हता, काकाच्या गाडीवर घर काढत होता. त्याला हे कळायला हवं की ती पाटी नाही, पण ते ओरडून कळत नाही. डिकी टच-अपला न्याल तेव्हा त्याला बरोबर घेऊन जा. कारागीर २००० नंबरचा वॉटरपेपर पाण्यात भिजवून कसा फिरवतो, रंग कसा मिळवतो, एक रेघ घालवायला किती वेळ लागतो, ते त्याला बघू द्या. माझ्या गॅरेजात अशी मुलं यायची, बापाचा हात सोडून पत्र्याला नाक लावून बघत राहायची. आणि येताना खडूचा डबा घ्या. घराच्या मागच्या भिंतीचा हातभर उंचीचा पट्टा काळ्या रंगाने रंगवून द्या, तो त्यांचा फळा. घरं आणि माड तिथे उमटू देत.

आठवड्याच्या धुण्यातही मुलांना घ्या. चाकं, टायर आणि पायपुसण्या त्यांच्याकडे द्या, वेगळ्या फडक्याने. रंगावर त्यांचा हात नको, त्यांना बादलीतली वाळू कळत नाही. स्वतः धुतलेल्या चाकाला सायकल टेकवताना पोर थबकतं, हे मी पाहिलंय.

राहिलं ते तुमचं ओरडणं. ज्यांच्या मुलाने हँडल घासलं त्यांच्याकडे पैसे मागायला जाऊ नका. वाडीत वर्षभर एकमेकांच्या दारात जावं लागतं, आणि गाडी तुम्ही त्यांच्या खेळाच्या जागेत उभी केली होती हेही खरं आहे. निरोपही धाडू नका, कोणाच्या तोंडून गेलेला निरोप वाटेत बदलतो. येत्या रविवारी सकाळी मुलीला बरोबर घ्या आणि एकेका घरी स्वतः जा. सांगा की परवा मी जास्त बोललो, जाळं बांधायचंय, हात कमी पडतायत, मुलांना पाठवा. मेढी रोवायला मोठी मुलं येतील, फक्की मारायला लहान. टपावरच्या रेषा त्यांच्या नव्हत्या, हेही त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. चाकरमानी यायच्या आत दोन संध्याकाळींत हे काम होईल. चिपळूणला जाल ते दाराच्या चऱ्यासाठी जा, आणि जायच्या आधी पाण्याची परीक्षा करून मला कळवा, रेघ ओली असताना दिसते की नाही.